सरकारी कंत्राटावरची नोकरी आणि तुमचा सीव्ही : या चुका टाळा

टेंडर दुपारी तीनला बंद होणार असतं आणि अडीचला एका इंजिनियरचा सीव्ही व्हॉट्सअॅपवर येऊन पडतो. मोबाइलने काढलेला फोटो, कोपऱ्यात चादरीची फुलं, सही निम्मी कापलेली. खाली मेसेज : ‘मॅडम, चालेल ना?’

चालत नाही. मी पुण्यात एका सल्लागार कंपनीच्या बिड टीममध्ये आहे. पाणीपुरवठा, मलनिस्सारण, रस्ते अशा सरकारी कामांची टेंडरं भरायची आणि त्यात माणसांचे सीव्ही लावायचे, हा रोजचा धंदा. या लाइनमध्ये नोकरी लागण्याची तऱ्हा वेगळी आहे. कंपनी तुमच्याशी बोलते, पगार ठरतो, पण सीव्ही जातो तो टेंडरच्या पाकिटातून सरकारी कार्यालयात. तिथल्या समितीने गुण दिले, काम कंपनीला मिळालं, तर तुम्ही रुजू. म्हणजे तुमचा खरा वाचक आमचा एचआर नव्हेच. समोर गुणतक्ता ठेवून बसलेला एक कार्यकारी अभियंता आणि त्याच्या शेजारचा लेखाधिकारी, हे तुमचे वाचक.

सल्लागार नेमताना बऱ्याच ठिकाणी क्यूसीबीएस पद्धत असते, म्हणजे दर्जा आणि दर दोन्हींचे गुण एकत्र धरायचे. केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत दर्जाच्या बाजूला जास्तीत जास्त ८० टक्के वजन देता येतं. त्या दर्जातला मोठा वाटा माणसांच्या सीव्हीचा. जागतिक बँकेच्या नमुना कागदपत्रांत प्रत्येक तज्ज्ञाच्या गुणांपैकी शिक्षण आणि एकूण अनुभवाला १० ते २० टक्के, आणि ‘या कामासाठी नेमका किती उपयोगी’ याला ६० ते ८० टक्के. हे प्रमाण पाहिलं की कळतं, समिती सीव्ही वाचत नाही, ताडून बघते. एका हातात टेंडरची अट, दुसऱ्या हातात तुमचं पान.

त्यामुळे पहिली चूक दोन वाक्यांत उरकते. आयटीतल्या मित्राचा झकपक दोन रकान्यांचा सीव्ही घेऊन त्यात आपलं नाव घालू नका. ‘डायनॅमिक ऑर्गनायझेशनमध्ये ग्रोथ’ हवी असल्याचं वाक्य आणि ऑटोकॅडपुढचे चार तारे यांना शून्य गुण असतात. टेंडरमध्ये सीव्हीचा फॉर्म दिलेला असतो, तोच भरायचा, रकान्यांची नावंही बदलायची नाहीत.

खरा गोंधळ होतो तारखांचा. निवृत्त अधिकाऱ्यांना टीम लीडर म्हणून घ्यायची आमच्याकडे पद्धत आहे, आणि ही मंडळी लिहितात : ‘विविध पदांवर ३४ वर्षे सेवा.’ झालं, पुढे काही नाही. अशाच एका साहेबांना मी फोन केला.

‘साहेब, कुठल्या पदावर कुठून कुठपर्यंत होतात, ते महिन्यासकट लागेल.’

‘अहो, सगळं खातं मला ओळखतं.’

‘समितीत खातं नसेल, साहेब. तक्ता असेल.’

दोन दिवसांनी त्यांनी बदलीच्या आदेशांची जुनी फाइल पाठवली, पिवळी पडलेली, पण तारखा सगळ्या होत्या. त्यातून ११ नोंदींचा स्वच्छ तक्ता निघाला. समितीला हेच हवं असतं : महिना, वर्ष, पद, कार्यालय, काम.

तरुण इंजिनियर याच्या उलट चूक करतात. दोन प्रकल्प एकाच काळात केले तर दोन्हींची वर्षं बेरजेत धरतात. समजा, एक काम जानेवारी २०१६ ते डिसेंबर २०१८ आणि दुसरं जुलै २०१७ ते डिसेंबर २०१९. सरळ बेरीज साडेपाच वर्षं येते. पण मधले १८ महिने दोनदा मोजलेत. खरा अनुभव चारच वर्षांचा. अट पाच वर्षांची असेल तर तुम्ही बाद, आणि वर समितीला वाटतं की कंपनी फसवतेय. तेव्हा आधी कागदावर महिन्यांची रेघ ओढा, कुठे दुहेरी आहे ते बघा, मग आकडा लिहा. मोजायचं कुठून, तेही टेंडरमध्येच बघायचं : कुठे पदवीनंतरचाच अनुभव धरतात, कुठे पदविकेनंतरचाही. आणि मोजायचं कुठपर्यंत? तर टेंडरने सांगितलेल्या तारखेपर्यंत. आजपर्यंत नव्हे.

यानंतर येते प्रकल्प मोठा आणि आपण लहान असण्याची अडचण. पुण्यात मुळा-मुठा शुद्धीकरणाचा जायकाच्या, म्हणजे जपानच्या सरकारी मदतसंस्थेच्या, कर्जावरचा प्रकल्प सगळ्यांना माहीत आहे. ११ सांडपाणी शुद्धीकरण केंद्रं (एसटीपी), मिळून ३९६ एमएलडी, म्हणजे दिवसाला ३९६ दशलक्ष लिटर क्षमता. आता एखाद्याने त्यातल्या एका केंद्रावर वर्षभर काँक्रीटच्या कामावर देखरेख केली आणि सीव्हीत लिहिलं, ‘३९६ एमएलडी एसटीपी प्रकल्पाचे काम.’ वाक्य खोटं नाही, पण समितीतल्या माणसाला पुण्याची गटारं पाठ असतात. तो लगेच विचारणार, कुठलं केंद्र? त्यात तुमचं काय? सगळ्या प्रकल्पाचा आकडा एका ओळीत द्या, आणि पुढच्याच ओळीत तुमचा तुकडा : केंद्राचं नाव, त्याची क्षमता, तुम्ही डिझाइन तपासलं की साइटवर उभे होतात की बिलं मोजलीत. लहान काम स्पष्ट लिहिलेलं असेल तर गुण मिळतात. मोठं काम मोघम लिहिलं की माणूस संशयात सापडतो.

इथे पुण्याची एक खास गंमत सांगते. ‘पीएमसी’ लिहू नका. आपल्यासाठी पीएमसी म्हणजे महापालिका, टेंडरच्या भाषेत पीएमसी म्हणजे प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार. ‘दोन वर्षे पीएमसीमध्ये’ असं वाचून एका समितीने आमच्या माणसाला महापालिकेचा माजी कर्मचारी समजून त्याचा सेवामुक्तीचा आदेश मागितला होता. बिचारा सल्लागार कंपनीत होता. पूर्ण नाव लिहायला दोन सेकंद लागतात.

पदनामाचंही असंच. टेंडर मागतं ‘निवासी अभियंता’ आणि तुमच्या पत्रावर असतं ‘सीनियर मॅनेजर’. मग लोक सीव्हीत सरळ पदनामच बदलतात आणि अनुभवपत्राशी ताळा जुळत नाही. पत्रावर आहे तेच लिहा. खाली कामाच्या वर्णनात स्पष्ट करा की साइटवर पूर्ण वेळ राहून निवासी अभियंत्याची जबाबदारी पाहिली. जमलं तर जुन्या कंपनीकडून तेवढ्या एका वाक्याचं पत्र घ्या.

शिक्षणाच्या रकान्यात पुणेकर हमखास अडकतात. २०१४ मध्ये पुणे विद्यापीठ ‘सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ’ झालं, २०२२ मध्ये सीओईपी या जुन्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचं तंत्रशास्त्र विद्यापीठ झालं. पदवीवर जे छापलंय तेच आधी लिहा, आजचं नाव त्यापुढे. लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्राची प्रत जोडा. पदवीवर एक नाव, आधारवर दुसरं, असे दोन कागद एकाच माणसाचे आहेत हे समितीने ओळखावं अशी अपेक्षा ठेवू नका.

आता जरा नाजूक विषय. एकच सीव्ही दोन कंपन्यांना देणं. सदाशिव पेठेतल्या कंपनीला हो म्हटलं, बाणेरवाल्यांनी जास्त देऊ केलं, त्यांनाही हो म्हटलं. दोघांनी एकाच टेंडरला तुमचं नाव टाकलं तर कित्येक टेंडरांच्या अटींनुसार दोन्हीकडचा सीव्ही बाद होतो. रस्त्यांच्या कामांसाठी केंद्राचं इन्फ्राकॉन पोर्टल आहे, तिथे तज्ज्ञांची नोंद आधारशी जोडलेली असते, त्यामुळे हे लपत नाही. आणि पुण्यात ही लाइन इतकी छोटी आहे की संध्याकाळपर्यंत दोन्ही कंपन्यांना कळतंच. कुठल्या टेंडरसाठी कोणाला परवानगी दिली ते ईमेलवर लिहून ठेवा.

सीव्हीच्या शेवटी असतं ते प्रमाणपत्र कोणी वाचत नाही. जागतिक बँकेच्या टेक-६ या सीव्हीच्या फॉर्ममध्ये तुम्ही सही करता ती या मजकुराखाली : हा सीव्ही माझं खरं वर्णन करतो, आणि चुकीची माहिती आढळली तर मला अपात्र ठरवता किंवा कामावरून काढता येईल. म्हणजे कंपनीतल्या कोणी ‘दोन वर्षं वाढवून टाकू’ म्हटलं, तरी सही तुमची. आमच्याकडे एक मुलगी सही करण्याआधी सगळा सीव्ही पुन्हा वाचून आमच्याच तीन चुका दाखवून गेली. वैताग आला होता तेव्हा, पण बरोबर होती ती.

तरीही सीव्ही अडकला तर? समितीचा शेरा बहुधा ‘अनुभवाचा पुरावा नाही’ असा येतो. जुनी कंपनी बंद पडली असेल तर ईपीएफओच्या, म्हणजे भविष्य निर्वाह निधीच्या, यूएएन खात्यात सर्व्हिस हिस्ट्री दिसते, रुजू आणि सोडल्याच्या तारखांसह. तिच्यासोबत फॉर्म १६ आणि नेमणूकपत्र. मात्र ही जमवाजमव आधी करा. पाकीट उघडल्यावर समिती खुलासा मागते, नवा कागद घेईलच असं नाही. सर्व्हिस हिस्ट्रीतल्या तारखा आणि सीव्हीतल्या तारखा महिन्याने जरी इकडेतिकडे असल्या तरी आधीच कळवा, मग सीव्हीतली तारीख आम्ही पुराव्याप्रमाणे दुरुस्त करून घेतो.

काम मिळालं आणि तुम्हाला जायचं नसेल, तर तेही वेळेत सांगा. बदली माणूस तुमच्याइतका किंवा वरचढ पात्रतेचा द्यावा लागतो, आणि काही करारांत बदलीबद्दल कंपनीच्या बिलातून कपात होते. पुढच्या टेंडरला तुमचं नाव निघालं की पहिली आठवण तीच येते.

आणि ती सही. निळ्या शाईने, प्रत्येक पानावर, फोटो नको, झेरॉक्सवाल्याकडून स्कॅन. व्हॉट्सअॅपवर पाठवायचाच असेल तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि फाइलला ‘सीव्ही फायनल नवीन २’ ऐवजी तुमचं नाव द्या. आमच्या फोल्डरमध्ये त्या नावाच्या आत्ता सहा फायली आहेत, आणि त्यातली तुमची कुठली ते मला तीनच्या आत शोधायचंय.