पोर्टेबल ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर कसा निवडावा: रोजच्या वापरासाठी आणि प्रवासासाठी

सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार), आयएलडी (फुप्फुसांच्या ऊती जाड व कडक होण्याचा आजार) किंवा बऱ्या झालेल्या क्षयरोगाने मागे ठेवलेले फुप्फुसांतील व्रण यांमुळे ज्यांना घरी ऑक्सिजन लावावा लागतो, त्यांच्याकडे बहुधा कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतला ऑक्सिजन वेगळा करून मिनिटाला पाच लिटरपर्यंत देणारे यंत्र, असतो. त्याचे वजन पंधरा किलोच्या आसपास असते, तो विजेवर चालतो आणि रुग्णाचे फिरणे नळी पोहोचेल तेवढ्यापुरतेच उरते. भाजी आणणे, बँकेत जाणे, घरातल्या लग्नकार्याला हजर राहणे हळूहळू सुटत जाते; आणि चालणेच कमी झाले की पायांचे स्नायू अशक्त होऊन दम अधिक लागू लागतो. खांद्याला अडकवता येणारा, बॅटरीवर चालणारा, दोन-अडीच किलोचा पोर्टेबल कॉन्सन्ट्रेटर अशा रुग्णाला पुन्हा घराबाहेर नेऊ शकतो. मात्र त्याची किंमत सहसा लाखाच्या वर जाते, आणि जाहिरातीतले वजन व बॅटरीचे तास पाहून घेतलेले यंत्र पुष्कळदा त्या रुग्णाला पुरतच नाही. म्हणून आधी रुग्णाची गरज मोजावी, मग ती भागवणारे यंत्र शोधावे, आणि वजन, आवाज व किंमत यांची तुलना त्यानंतरच करावी.

पायरी १: डॉक्टरांकडून गरज लिहून घ्यावी

ऑक्सिजन हे औषध आहे आणि त्याचीही मात्रा ठरवावी लागते. आजार स्थिर असताना आणि रुग्ण शांत बसलेला असताना धमनीतील रक्तात ऑक्सिजनचा दाब पाऱ्याच्या ५५ मिलीमीटर किंवा त्याहून कमी असेल, अथवा सॅच्युरेशन (ऑक्सिमीटर दाखवतो ती रक्तातील ऑक्सिजनची टक्केवारी) ८८ टक्के किंवा त्याहून कमी असेल, तर दीर्घकाळ ऑक्सिजन देण्याचा सल्ला सामान्यतः दिला जातो. तीव्र सीओपीडीच्या अशा रुग्णांनी दिवसातून किमान १५ तास ऑक्सिजन घेतल्यास आयुष्य वाढते, हे १९८० आणि १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी व ब्रिटिश अभ्यासांतून दिसले. याउलट, सॅच्युरेशन केवळ मध्यम प्रमाणात कमी असलेल्या सीओपीडी रुग्णांना घरच्या ऑक्सिजनचा तसा लाभ होत नाही, असे २०१६ सालच्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत आढळले. दम लागतो पण सॅच्युरेशन ९४-९५ टक्के टिकून राहते, अशा व्यक्तीसाठी एवढा खर्च करण्याआधी दम लागण्याचे खरे कारण शोधून घेणे अधिक गरजेचे आहे.

प्रिस्क्रिप्शनमध्ये नुसते ‘दोन लिटर ऑक्सिजन’ असे लिहिलेले पुरेसे नसते. बसलेले असताना किती, चालताना किती, झोपेत किती आणि सॅच्युरेशन कोणत्या मर्यादेत ठेवायचे, या चारही गोष्टी छातीविकारतज्ज्ञांकडून लिहून घ्याव्यात. सीओपीडीच्या अनेक रुग्णांसाठी ही मर्यादा ८८ ते ९२ टक्के असते. काहींच्या बाबतीत ऑक्सिजन गरजेपेक्षा जास्त दिल्यास रक्तात कार्बन डायऑक्साइड साचू शकतो. सॅच्युरेशन जितके जास्त तितके चांगले, हा समज घरच्यांनी सोडून द्यावा.

पायरी २: पल्स की अखंड प्रवाह, हे ठरवावे

कॉन्सन्ट्रेटरमध्ये ऑक्सिजन साठवलेला नसतो. यंत्र भोवतालची हवा ओढते, झिओलाइट नावाच्या पदार्थाच्या थरातून ती दाबाने सोडते, झिओलाइट त्यातला नायट्रोजन धरून ठेवतो आणि साधारण ९० टक्के किंवा त्याहून अधिक शुद्धतेचा ऑक्सिजन पुढे जातो. लहान यंत्र दर मिनिटाला थोडाच ऑक्सिजन तयार करू शकते. तो वाया जाऊ नये म्हणून बहुतेक पोर्टेबल यंत्रे पल्स पद्धतीने चालतात: रुग्ण नाकाने श्वास आत घ्यायला लागला की सेन्सरला ते कळते आणि तेवढ्याच क्षणी ऑक्सिजनचा एक झोत सोडला जातो. ही युक्ती शास्त्राला धरून आहे, कारण श्वासाच्या सुरुवातीला आत गेलेली हवाच फुप्फुसांच्या खोल भागात पोहोचते, आणि अखेरीस घेतलेली हवा श्वासनलिकेतच राहून परत बाहेर पडते.

अडचण येते ती श्वास उथळ असला, तोंडाने घेतला जात असला किंवा झोपेत मंदावला, तर. अशा वेळी सेन्सरला श्वास जाणवत नाही आणि झोत चुकतो. म्हणून रात्रीच्या झोपेसाठी घरचे अखंड प्रवाहाचे यंत्र वापरणे आणि पोर्टेबल यंत्र दिवसा जागेपणी वापरणे, ही विभागणी बहुतेकांना सोयीची पडते. पल्स यंत्र लावून झोपायचे असल्यास डॉक्टरांनी रात्रभर ऑक्सिमेट्री (ऑक्सिमीटरने सॅच्युरेशनची सलग नोंद) करून तशी परवानगी दिलेली असावी. अखंड प्रवाह देणारी पोर्टेबल यंत्रेही मिळतात, पण ती साडेचार ते आठ किलोपर्यंत जड असतात, त्यांतली अनेक चाकांच्या गाडीवरून न्यावी लागतात आणि त्यांचा अखंड प्रवाहही मिनिटाला दोन-तीन लिटरवर थांबतो. चालताना चार-पाच लिटर लागणाऱ्या रुग्णाला, विशेषतः आयएलडीच्या रुग्णाला, कोणतेच पोर्टेबल यंत्र न पुरण्याची शक्यता असते. हे विक्रेता सहसा सांगत नाही, म्हणून डॉक्टरांना थेट विचारावे.

पायरी ३: सेटिंगचा आकडा म्हणजे लिटर नव्हे, हे समजून घ्यावे

माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान याच ठिकाणी होते. प्रिस्क्रिप्शनमध्ये ‘२ लिटर’ आणि यंत्राच्या पडद्यावर ‘२’ दिसले की दोन्ही एकच, असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. पण पल्स यंत्रावरचे १, २, ३ हे आकडे त्या त्या कंपनीने ठरवलेल्या पातळ्या आहेत. इनोजेन वन जी-५ या प्रसिद्ध यंत्राचे उदाहरण घ्या. त्याच्या प्रत्येक सेटिंगमागे मिनिटाला २१० मिलीलिटर ऑक्सिजन मिळतो, म्हणजे सेटिंग २ वर ४२० आणि सर्वांत वरच्या सेटिंग ६ वर १,२६० मिलीलिटर. घरच्या यंत्रातून दोन लिटरचा प्रवाह म्हणजे मिनिटाला २,००० मिलीलिटर. त्यातला बराचसा श्वास सोडताना वाया जातो हे खरे, त्यामुळे या दोन आकड्यांची सरळ तुलना करता येत नाही. पण त्यांना समानही मानता येत नाही.

याला आणखी एक बाजू आहे. मिनिटाला ठरावीक ऑक्सिजन देणाऱ्या यंत्रात श्वास वाढले की प्रत्येक श्वासाच्या वाट्याला कमी ऑक्सिजन येतो. सेटिंग २ वर मिनिटाला २० श्वास असतील तर प्रत्येक श्वासाला २१ मिलीलिटर मिळतात, आणि जिना चढताना श्वास ३० झाले की तेवढ्याच सेटिंगवर १४ मिलीलिटर. गरज वाढते त्याच क्षणी मात्रा घटते. म्हणून यंत्रांची तुलना करताना ‘किती सेटिंग आहेत’ असे न विचारता ‘कमाल सेटिंगवर मिनिटाला किती मिलीलिटर ऑक्सिजन तयार होतो’ असे विचारावे आणि उत्तर माहितीपत्रकात छापलेले पाहावे.

पायरी ४: यंत्र लावून चालून पाहावे

विकत घेण्याआधी तेच मॉडेल लावून सहा मिनिटे चालण्याची चाचणी रुग्णालयात करून घ्यावी. चालताना सॅच्युरेशन कुठवर उतरते, कोणत्या सेटिंगवर ते डॉक्टरांनी सांगितलेल्या मर्यादेत टिकते आणि थांबल्यावर किती वेळात सावरते, हे तिथे कळते. कमाल सेटिंगवरच जेमतेम भागत असेल तर ते यंत्र घेऊ नये, कारण आजार थोडा वाढला तरी ते अपुरे पडेल. मुंबई-पुण्यात अशी यंत्रे भाड्यानेही मिळतात. पंधरवडा-महिनाभर भाड्याने वापरून, लिफ्ट नसलेल्या इमारतीत राहत असाल तर आपल्याच जिन्यावर चढून, पिशवी खांद्यावर घेऊन पाहणे, हा खर्च पुढच्या मोठ्या खर्चाच्या मानाने फार थोडा आहे. ऑक्सिमीटर लावताना बोट थंड नसावे आणि नखांना नेलपॉलिश नसावे.

पायरी ५: आपल्या दिवसावरून बॅटरी ठरवावी

जाहिरातीतला बॅटरीचा काळ जवळजवळ नेहमी सेटिंग १ वरचा असतो. आपल्याला लागणाऱ्या सेटिंगवर बॅटरी किती चालते, हे माहितीपत्रकातील तक्त्यात पाहावे आणि बॅटरी जुनी होत जाते तशी तिची क्षमता घटते, हेही धरावे. घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंतचे तास, त्यात रहदारी आणि दवाखान्यातली रांग मिळवून, जेवढे होतील त्याच्या दीडपट बॅटरी हाताशी असावी. एक मोठी बॅटरी घेण्यापेक्षा दोन लहान घेणे मला अधिक सोयीचे वाटते: एक चार्जरवर राहते, एक यंत्रात, आणि रोज खांद्यावर वजनही कमी येते.

पायरी ६: उंची आणि उष्णता पाहावी

बहुतेक पोर्टेबल यंत्रे समुद्रसपाटीपासून १०,००० फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे ३,०५० मीटरपर्यंत, आणि ५ ते ४० अंश सेल्सिअस तापमानात चालण्यासाठी बनवलेली असतात. महाबळेश्वर साधारण १,३५० मीटरवर आहे. तिथे यंत्र चालेल, पण रुग्णाला नेहमीपेक्षा वरचे सेटिंग लागू शकते. केदारनाथ सुमारे ३,५८० मीटरवर आणि लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे, म्हणजे दोन्ही ठिकाणे या यंत्रांच्या मर्यादेपलीकडे आहेत. चारधामच्या टूरवर यंत्राच्या भरवशावर निघणे म्हणूनच धोक्याचे आहे. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. तिथल्या रुग्णांनी दुपारी यंत्र उन्हात वापरू नये आणि बंद मोटारीत तर कधीच ठेवू नये.

पायरी ७: खरेदी जपून करावी

ऑनलाइन बाजारात ‘१ ते ७ लिटर’ असे लिहिलेली स्वस्त घरगुती ऑक्सिजन यंत्रे दिसतात. त्यांतल्या अनेकांची ९० टक्क्यांवरची शुद्धता केवळ एक लिटरच्या प्रवाहावर असते आणि प्रवाह वाढवला की ती कमी होत ३० टक्क्यांच्या आसपास येते, म्हणजे साध्या हवेतल्या २१ टक्क्यांहून थोडीच जास्त. २०२१ सालच्या दुसऱ्या लाटेत घाबरलेल्या कुटुंबांनी अशी पुष्कळ यंत्रे घेतली. प्रत्येक सेटिंगवरची शुद्धता लेखी मागावी, शक्य तर विक्रेत्याकडून ऑक्सिजन अ‍ॅनालायझरने समोर मोजून घ्यावी. ऑक्सिजनचे छोटे कॅनही पर्याय नाहीत: १० लिटरचा कॅन दोन लिटरच्या प्रवाहाने पाच मिनिटांत संपतो.

परदेशातली मुले प्रेमाने आईवडिलांसाठी यंत्र पाठवतात, त्यांनी दोन गोष्टी तपासाव्यात. पोर्टेबल यंत्रांचे चार्जर सहसा १०० ते २४० व्होल्टवर चालतात, पण अमेरिकेत विकली जाणारी घरगुती मोठी यंत्रे ११५ ते १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झची असतात व आपल्याकडे तशीच लावता येत नाहीत. शिवाय तिकडची वॉरंटी भारतात लागू होते का आणि झिओलाइटचे कॉलम (झिओलाइट भरलेल्या नळ्या) इथे बदलून मिळतात का, हे आधीच विचारावे. दुरुस्तीच्या काळात बदली यंत्र देणारा जवळचा विक्रेता थोडी जास्त किंमत घेत असला तरी मी त्यालाच पसंती देईन.

पायरी ८: विमानप्रवासाची तयारी

उडत्या विमानाच्या केबिनमधील दाब ८,००० फूट उंचीइतका असू शकतो, म्हणजे तिथे श्वास घेणे हे समुद्रसपाटीवर साधारण १५ टक्के ऑक्सिजनच्या हवेत श्वास घेण्यासारखे असते. जमिनीवर लागणारे सेटिंग वर पुरेलच असे नाही, म्हणून विमानासाठीचे सेटिंग डॉक्टरांकडून वेगळे लिहून घ्यावे. तिकीट काढण्याआधीच विमान कंपनीला यंत्राचे मॉडेल कळवावे, तिचा वैद्यकीय अर्ज आणि ‘फिट टू फ्लाय’ प्रमाणपत्र भरून घ्यावे. साधारणपणे ४८ ते ७२ तास आधी कळवण्याची अट असते. विमानात वापरण्यास योग्य असल्याचा एफएए या अमेरिकी विमानवाहतूक नियामक संस्थेच्या निकषांचा मजकूर यंत्रावर लाल अक्षरांत छापलेला आहे का, तेही पाहावे.

बॅटरी प्रवासाच्या कमाल काळाच्या दीडपट असावी, अशी अट अमेरिकेला जाणाऱ्या-येणाऱ्या विमानांत घातली जाऊ शकते. मुंबईहून न्यूयॉर्क परिसरात थेट जायला सुमारे १६ तास लागतात, म्हणजे २४ तासांच्या बॅटऱ्या हव्यात. आसनाजवळच्या प्लगवर अवलंबून राहू नये. सुट्या लिथियम बॅटऱ्या फक्त हातसामानात, टोके झाकून न्याव्यात. १०० वॉट-तासांपर्यंतच्या बॅटऱ्या सहज नेता येतात, १०० ते १६० च्या जास्तीत जास्त दोन सुट्या बॅटऱ्या कंपनीच्या परवानगीने. वॉट-तास छापलेले नसतील तर व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार करावा. संकटकालीन दरवाजाजवळचे आसन मिळत नाही.

रेल्वेच्या डब्यातील प्लग मोबाइल-लॅपटॉपसाठी असतात आणि काही गाड्यांत रात्री बंद ठेवले जातात, तेव्हा पूर्ण प्रवास बॅटरीवर होईल असेच धरून निघावे. मोटारीत १२ व्होल्टचा चार्जर चालतो. मात्र इंजिन सुरू झाल्यावरच तो लावावा.

पायरी ९: घरातली काळजी

पल्स यंत्राला पाण्याची ह्युमिडिफायर बाटली लावायची नसते आणि नळी कंपनीने सांगितलेल्या लांबीचीच वापरायची असते, नाहीतर सेन्सरला श्वास कळत नाही. हवेची जाळी आठवड्याला धुऊन पूर्ण वाळवून बसवावी. यंत्र महिनोन्‌महिने कपाटात ठेवले तर झिओलाइट ओलावा शोषून निकामी होऊ लागतो. कोकणातल्या पावसाळ्यात तर ते मधूनमधून चालवलेच पाहिजे. भारनियमनासाठी आणि यंत्र बिघडण्याच्या वेळेसाठी बी-टाइप सिलिंडर घरी असावा. भरलेल्या सिलिंडरमध्ये सुमारे १,५०० लिटर ऑक्सिजन असतो, तो दोन लिटरने साडेबारा तास पुरतो.

कॅन्युला (नाकात लावायची ऑक्सिजनची नळी) लावलेली असताना गॅसची शेगडी, विडी-सिगारेट, निरांजन, उदबत्ती आणि कापूर यांपासून किमान दोन-तीन मीटर दूर राहावे. आरतीचे ताट हातात घ्यायचे असेल तर कॅन्युला काढून, यंत्र बंद करून थोडा वेळ थांबावे, किंवा ताट दुसऱ्याने धरावे. नाक कोरडे पडले तर व्हॅसलीन, तेल किंवा व्हिक्ससारखे पेट्रोलियमयुक्त मलम लावू नये. पाण्यावर आधारित जेल औषधांच्या दुकानात मिळते, तेच वापरावे.