फ्रेंच येत नाही तरी झाओची गाणी कशी ऐकायची

ऑगस्ट 2024, पॅरिस ऑलिंपिकचा समारोप, आपल्याकडे रात्रीचे साडेबारा वाजून गेलेले, आम्ही इंदूरच्या सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाऊन नुकते घरी टेकलो होतो आणि टीव्हीवर एक मुलगी बागेत उभी राहून गात होती. तीच फ्रेंच गायिका झाओ द सागाझाँ. तेव्हापासून बहिणी विचारतायत की भाषा कळत नाही तर ऐकायचं काय, म्हणून एकदाच लिहून टाकते.

सुरुवात त्या समारोपाच्या गाण्यापासून नका करू, ते पॅरिसचं जुनं गाणं आहे, तिचं नाही. तिचा 2023 चा पहिला अल्बम लावा, ला सिंफोनी देझेक्लेर, म्हणजे विजांची सिंफनी (एक्लेर म्हणजे वीज, आपण चघळतो त्या टॉफीच्या नावातही हाच शब्द). आधी शीर्षकगीत, अर्थ न बघता दोनदा, मग भाषांतर, आणि भाषांतर इंग्रजीत करा, मराठीत ॲप फार वेडंवाकडं करतं. नंतर त्रिस्तेस, ते इलेक्ट्रॉनिक ठेक्याचं आहे, इथे आई उठून दुसऱ्या खोलीत जाईल.

आता उच्चार, कारण सोबत गुणगुणल्याशिवाय मजा नाही. झाओचा झ आपल्या झाडातला, झाशीतला नाही, इथे हिंदीवाले मित्र हमखास जाओ म्हणतात भिया. शेवटची व्यंजनं बहुतेक वेळा गिळायची, पॅरिस म्हणजे पारी. नाकातले स्वर चंद्रबिंदूसारखे. र जिभेने नाही, गुळण्या करतो तसा घशातून. आणि त्यांचा एक स्वर आपल्याकडे नाहीच, त्यासाठी तोंडात ई म्हणायचं आणि ओठ मात्र ऊ सारखे गोल ठेवायचे, आरशासमोर करा, घरचे हसतील.

बाई 1999 च्या, जहाजं बांधणाऱ्या सँ-नाझेर गावच्या, आधी म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायचं काम केलंय, आणि फेब्रुवारी 2024 मध्ये फ्रान्सच्या मोठ्या संगीत पुरस्कारांत एकाच रात्री चार घेऊन गेल्या. त्याच मे महिन्यात कान्स फेस्टिवलच्या उद्घाटनाला, त्या वर्षीच्या ज्युरी अध्यक्ष आणि सिनेदिग्दर्शिका ग्रेटा गर्विगसमोर गायल्या, तो व्हिडिओ न चुकता बघा, आवाज केवढा खोल आहे ते तिथे कळतं.

तिकडचा लाइव्ह कार्यक्रम बघायचा असेल तर पॅरिसच्या वेळेत उन्हाळ्यात साडेतीन आणि थंडीत साडेचार तास मिळवा. रात्री नऊचा शो थंडीत आपल्याकडे दीडला लागतो, तेव्हा गराडू (आपला तळलेला मसालेदार कंद) आधीच आणून ठेवा.