घरी पिझ्झा करताय? मग आपल्या मराठवाड्यात या चुका टाळा

पिझ्झा घरी बिघडला की लोकं म्हणतेत ओव्हन नाही म्हणून बिघडला. मला विचाराल तर बहुतेक वेळा तो बिघडतो रेसिपीतल्या घड्याळामुळं. व्हिडिओत सांगतेत कोमट पाणी घ्या, दोन तास झाकून ठेवा, आता ते सांगणारं माणूस कुठल्यातरी थंड गावातलं आणि आपण लातूर-नांदेडात मे महिन्यात, बाहेर ४२ डिग्री, तिथं दोन तासांत पीठ फुगून फुगून परत बसलेलं असतं आणि झाकण काढलं की आंबूस वास येतो. असल्या पिठाचा बेस चिकट लाटला जातो, भाजला तरी वर येत नाही.

म्हणून पहिली गोष्ट, वेळ बघू नका, पीठ बघा. गोळा दुप्पट झाला की झालं, मग त्याला ४० मिनिटं लागू देत नाहीतर तीन तास. बोट थोडं पिठात बुडवून दाबायचं, खड्डा हळूहळू भरायला लागला तर पीठ तयार, झटकन भरला तर अजून थांबा, आणि भरलाच नाही, उलट पीठ बसलं, तर जास्त झालंय.

उन्हाळ्यात पाणी कोमट करायची गरजच नाही. दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळाला हात पोळेल इतकं तापलेलं येतं, आणि साधारण ५५-६० डिग्रीला यीस्ट (पीठ फुगवणारं खमीर) मरतं, मग लोकं म्हणतेत यीस्टच खराब होतं. सरळ माठातलं पाणी घ्या आणि यीस्ट निम्मं करा. माझं माप असं, मैदा ३०० ग्रॅम, पाणी १९० मिली, इन्स्टंट यीस्ट एक छोटा चमचा (उन्हाळ्यात अर्धा), मीठ एक छोटा चमचा भरून, साखर तेवढीच, तेल एक मोठा चमचा. यात तव्याच्या मापाचे तीन पिझ्झे होतात. हिवाळ्यात सगळं उलटं, परभणीत डिसेंबर-जानेवारीत पारा एक आकड्यावर येतो तेव्हा पीठ तासन् तास ढिम्म हलत नाही, तेव्हा मात्र कोमट पाणी घ्या आणि परात गरम पाण्याच्या पातेल्याशेजारी कपाटात बंद करून ठेवा. आणि यीस्टचा पुडा फोडला की घट्ट डब्यात घालून फ्रीजमधे टाका, वट्ट्यावर गॅसशेजारी ठेवलेलं यीस्ट उन्हाळा काढत नाही.

सगळ्यात चांगलं म्हणजे रात्री पीठ मळून, तेलाचा हात लावून, मोठ्या डब्यात फ्रीजमधे ठेवणं. थंडीत ते सावकाश फुगतं आणि चव खूप सुधारते. लाईट गेली तरी घाबरू नका, फ्रीज उघडला नाही तर तीन-चार तास थंडावा टिकतो.

मैदा मळायला लोकं कंटाळा करतेत. दहा मिनिटं तरी हातानं रगडून मळा, सुरुवातीला चिकटतो म्हणून वरून मूठभर मैदा टाकत बसू नका, त्यानंच बेस पापडासारखा कडक होतो. बोअरचं जड पाणी असलं तर पीठ जरा ताठ होतं, मग एखादा चमचा पाणी वाढवा. लाटताना उंडा आखडून परत लहान होत असेल तर जोर लावू नका, झाकून पंधरा मिनिटं ठेवा, आपोआप सैल होतो. आणि लाटणं शक्यतो नकोच, फुगलेली हवा सगळी निघून जाते, बोटांनी मधून कडेकडे दाबत न्या. गव्हाचं पीठ घालायचं तर निम्म्यापर्यंत घाला, पण कोंड्यामुळं बेस थोडा कमी फुगणार.

आता भाजणं. ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) असला तर १८० डिग्रीवर लावू नका, ते केकचं तापमान झालं, पिझ्झा तिथं वीस-पंचवीस मिनिटं वाळत बसतो आणि टोस्ट होतो. जितकं जास्त जाईल तितकं, २३० नाहीतर २५०, दोन्ही रॉड चालू, आणि आत लोखंडी तवा पालथा ठेवून अर्धा तास आधी तापवा. इटलीत नेपल्सला भट्टीच ४३० डिग्रीच्या वर असते, तिथं पिझ्झा दीड मिनिटात निघतो. मायक्रोवेव्हच्या साध्या मोडवर कच्चा बेस टाकूच नका.

ओव्हन नसला तरी आपला भाकरीचा जाड तवा मस्त काम करतो. चूक ही होते की कच्च्या बेसवर सगळं लादून झाकण ठेवतेत, खालून जळतं, वरून गिळगिळीत. आधी नुसता बेस एका बाजूनं मंद आचेवर भाजा, बुडबुडे आले की उलटा, आणि भाजलेल्या बाजूवर सॉस, चीज, माळवं घाला. झाकण उंच असावं, आतून पाणी साचलं की पुसून परत ठेवायचं. सहा-आठ मिनिटांत चीज वितळतं, शेवटचं एक मिनिट उघडंच ठेवा. खालून लवकर करपत असेल तर त्या तव्याखाली अजून एक तवा ठेवा. कढईत मीठ तापवून भाजायचं असेल तर नॉनस्टिक कढई अजिबात वापरू नका, आणि कुकर असेल तर शिट्टी आणि रबर दोन्ही काढूनच.

चीजचं थोडक्यात, तार यायची तर मोझरेलाच घ्या. प्रोसेस्ड चीज क्यूब वितळतं पण ताणत नाही, त्यातले क्षारच तसे असतात. फ्रीझरमधलं चीज तसंच थंड टाकू नका, आधी बाहेर काढून ठेवा. टोमॅटोच्या बिया काढा, सॉस घट्ट होईपर्यंत आटवा, आणि लेकरं म्हणतेत म्हणून बक्कळ भाज्या भरू नका, एवढ्या पाण्यात कुठलाच बेस कुरकुरीत राहत नाही. ओरेगॅनो नसला तर चिमूटभर ओवा चुरडून घाला, वास बऱ्यापैकी जवळ जातो, पण चिमूटच, जास्त झाला तर कडवट लागतो.

उरलेला पिझ्झा मायक्रोवेव्हमधे चिवट होतो. तव्यावर मंद आचेवर ठेवा, कडेला दोन थेंब पाणी सोडा, झाकण घाला, तीन मिनिटांत खालून परत कुरकुरीत.