लॅप टाइम कमी करायचाय? आधी टायरमधली हवा बघा

बेळगावच्या तिलकवाडीपासून निपाणीपर्यंत सिम रेसिंग (कॉम्प्युटरवरची हुबेहूब कार रेस) खेळणारी पोरं आधी विंग (हवेच्या दाबानं गाडी रस्त्याला धरून ठेवणारा पंख) नि गिअरमध्ये हात घालतात. सुरुवात टायरपासून करा. असेट्टो कोर्सा कॉम्पेटिझिओने या गेममध्ये जीटी३ (रेससाठी तयार केलेली स्पोर्ट्स कार) गाडीच्या कोरड्या ट्रॅकसाठीच्या टायरची हवा तापल्यावर २६ ते २७ पीएसआयमध्ये हवी. गेममधल्या गॅरेजमध्ये, म्हणजे सेटिंगच्या स्क्रीनवर, दिसतो तो थंड टायरचा आकडा. म्हणून सलग चार-पाच लॅप मारा, मग आकडा वाचा आणि जेवढा फरक तेवढी हवा ०.१ च्या टप्प्याने कमी-जास्त करा. चारही चाकं वेगवेगळी बघायची: उजवी वळणं जास्त असलेल्या ट्रॅकवर डावे टायर जास्त तापतात. ट्रॅकचं तापमान बदललं की हे परत करावं लागतं.

आता वळण. मधोमध गाडी नाक वळवत नसेल तर पुढचा अँटी-रोल बार (वळणात गाडी एका बाजूला कलू न देणारी दांडी) एक क्लिक मऊ करा. बाहेर पडताना मागची बाजू सुटत असेल तर मागचा मऊ करा. फक्त वेगवान वळणात मागून सुटते? मग बार सोडा, मागची विंग वाढवा. सरळ रस्त्यावर थोडा वेग जाईल, तो जाऊ द्या. ब्रेक मारत वळताना गाडी फिरत असेल तर ब्रेक बायस (पुढच्या-मागच्या चाकांतली ब्रेकच्या जोराची वाटणी) अर्धा-एक टक्का पुढे न्या.

एका वेळी एकच बदल. उद्यमबागेतल्या कारखान्यात लेथवर फीड (हत्यार सरकवण्याचा वेग) आणि स्पीड एकदम बदलले तर जॉब कशानं बिघडला ते कळत नाही, तसंच हे. इंधनही दरवेळी सारखंच भरा. दहा लिटर म्हणजे साधारण साडेसात किलो, आणि तेवढ्यानं वेळ बदलतो.