मातीचं डोकं भट्टीतून अखंड कसं काढावं

गणपतीमुळे शाडूवर हात बसला असेल, पण भाजायच्या डोक्यासाठी कुंभारमाती घ्या आणि तिच्यात पाचवा हिस्सा ग्रॉग, म्हणजे भाजलेल्या मातीची भरड, मळा. पाटावर ठोकलेल्या काठीला कागद गुंडाळा, पण तो कानांच्या खालीच संपवा. आत तार नको. वाळताना माती आकसते, तार आकसत नाही.

मग चेहरा घडवा. पापण्या कोरत बसू नका; आधी कवटी आणि मान जमू द्या.

खरा घोळ पोकळ करताना. माझं पहिलं डोकं भट्टीत फुटलं, नाक शेजारच्या बरणीत सापडलं. 'हवा राहिली असेल,' सगळे म्हणाले. हवा कसली, ओल! जाड मातीच्या पोटातल्या पाण्याची 100 अंशांवर वाफ होते आणि वाट मिळाली नाही की ती माती फोडून निघते. बुडबुडे शोधत बसणारे जाडीकडे बघतच नाहीत.

बोटाचा ठसा उमटेना, पण नख रुततंय, अशा वेळी कापा. आधी कापलंत तर चेहरा बसतो, उशीर केलात तर कडा तुटतात. तारेने टाळू करवंटीसारखी उतरवा. काप केसांतून न्या, कपाळावरून कधीच नाही. डोकं काठीवरून उचला, कागद काढा, लूपने, म्हणजे टोकाला तारेची कडी असलेल्या कोरणीने, आतून कोरा. भिंत सगळीकडे दीड सेंटिमीटर. गाल सोपे असतात. दगा देतात ते नाक, हनुवटी, कानामागचा गड्डा आणि मान. नाकात आतून बोट घालून खड्डा कराच. शंका आली तर सुई टोचून जाडी बघा, भोक मागाहून बुजवा. कडा खरवडून त्याच मातीचा दाट रबडा लावा आणि टाळू दाबून बसवा. मानेचं तोंड उघडं राहू द्या.

दोन-तीन आठवडे प्लास्टिकखाली. पंखा लावाल तर कान आधी वाळून तडकतील. आपल्या गालाला लावून गार लागलं तर ते अजून ओलंच आहे.

भट्टीत पहिली रात्र 80–90 अंशांवर. 573 अंशांच्या आसपास मातीतला क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटीचा अंश, फुगतो, तिथे चढताना आणि उतरताना धीमे. 950 ते 1000 ला बंद करा. दार 100 च्या खाली आल्यावरच उघडा. मी एकदा 200 ला डोकावलो होतो. ती चीर आजही त्या मूर्तीच्या डाव्या गालावर आहे.