गोपाळ बाबा वलंगकरांचा स्मृतिफलक: मजकुरापासून बसवण्यापर्यंत

हवालदार गोपाळ बाबा वलंगकर महाड तालुक्यातल्या रावढळचे. 1886 मध्ये लष्करातून निवृत्त झाल्यावर उरलेले आयुष्य त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध लिहिण्यात आणि माणसे संघटित करण्यात घालवले. त्यांच्या नावाने गावात, शाळेत किंवा समाजमंदिरात फलक लावायचा असेल, तर आधी मजकूर पक्का करा. दगड महिन्याभरात मिळतो. चुकीचे कोरलेले वाक्य मात्र पन्नास वर्षे तसेच राहते.

मजकुरात चूक बहुधा क्रियापदात होते. 1895 मध्ये महाड तालुका लोकल बोर्डावर त्यांची नियुक्ती झाली. ‘निवडून आले’ लिहू नका. महारांची लष्करभरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून 1894 मध्ये त्यांनी अर्ज लिहिला. तो सरकारदरबारी पोचला की नाही याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, म्हणून ‘अर्ज लिहिला’ एवढेच कोरा. जन्मसाल 1840 च्या सुमाराचे दिले जाते, पण दगडावर अंदाज कोरायचा नसतो. 1888 च्या पुस्तिकेचे नाव ‘विटाळ विध्वंसन’ आणि ‘विटाळ विध्वंसक’ अशा दोन्ही रूपांत छापलेले आढळते. मुखपृष्ठाची प्रत हाती असेल तरच नाव घाला. ‘क्रांतिसूर्य’, ‘महामानव’ असली विशेषणे गाळली की कामाला जागा मिळते. उदाहरणार्थ:

‘हवालदार गोपाळ बाबा वलंगकर (मृत्यू 1900). लष्करातून 1886 मध्ये निवृत्त. अस्पृश्यतेला आधार कोणता, असा जाब 1888 मध्ये छापील पुस्तिकेतून धर्मधुरीणांना विचारला. महारांची लष्करभरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून 1894 मध्ये अर्ज लिहिला. 1895 मध्ये महाड तालुका लोकल बोर्डावर नियुक्ती.’

तीन फूट रुंद आणि दोन फूट उंच फलकावर एक इंची अक्षरांत पंचेचाळीसच्या आसपास शब्द बसतात. वेलांट्या-उकारांसाठी ओळींमध्ये मोकळी जागा लागते, त्यामुळे इंग्रजी फलकाचा हिशेब इथे चालत नाही. आणखी मजकूर कोंबला तर अक्षर लहान होते आणि दहा फुटांवरून कोणी वाचत नाही.

जागा ग्रामपंचायतीची असेल तर ग्रामसभेचा ठराव घ्या. 2 ऑक्टोबरची सभा सोयीची, कारण भिंत कोरडी असताना, डिसेंबर ते मार्चमध्ये, काम उरकता येते. नोटीस निदान सात दिवस आधी निघायला हवी. गणपूर्ती पंधरा टक्के मतदार किंवा शंभर, यांपैकी कमी असेल ती. पुतळ्याचा आग्रह झाला तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, हे तिथेच सांगून टाका. निम्मा उत्साह ओसरतो आणि फलकाचे काम पुढे सरकते.

दगड काळा ग्रॅनाइट, 18 ते 20 मिमी जाडीचा. अक्षरे 2-3 मिमी खोल कोरून घ्या. लेझरने पृष्ठभाग फक्त पांढुरका होतो आणि कोकणच्या पावसात त्यावर शेवाळ धरले की काही दिसत नाही. रंग पांढरा एनॅमल बरा, सोनेरी लवकर उडतो. कोरणाऱ्याच्या यंत्रावर बहुधा जुने फॉन्ट असतात आणि युनिकोड मजकूर त्यात बदलताना ‘ष्क’, ‘श्य’, ‘क्त’ तुटतात. म्हणून फाइलसोबत छापील प्रतही द्या. कोरण्याआधी पूर्ण आकाराचा प्रिंट मागवून भिंतीवर टांगा. एकाने मोठ्याने अक्षर-अक्षर वाचायचे, दुसऱ्याने मूळ कागदावर खुणा करायच्या. मजकूर लिहिणाऱ्याला या कामाला बसवू नका. त्याला चुका दिसत नाहीत.

जांभ्याची भिंत सच्छिद्र असते, तीत प्लग धरत नाही आणि वर्ष-दोन वर्षांत स्क्रू हलतात. मागे सिमेंट काँक्रीटची पाटी ओतून घ्या आणि तिच्यावर फलक चार स्टेनलेस स्टील स्क्रूंनी बसवा. समुद्राजवळ 316 दर्जाचेच घ्या. भोके कडेपासून दोन इंच आत हवीत, नाहीतर कोपरा तडकतो. वरची आणि बाजूच्या कडा सिलिकॉनने बंद करा, खालची मोकळी ठेवा, म्हणजे आत शिरलेले पाणी निथळून जाते.

अनावरणाच्या दिवशी भाषणे दोन, प्रत्येकी पंधरा मिनिटे. त्याऐवजी खरा वेळ पुस्तिकेतल्या 26 प्रश्नांना द्या. 26 मुलांनी एकेक प्रश्न वाचला तर अर्ध्या तासात होते. आधी दोनदा तालीम घ्या, कारण भाषा जुनी आहे आणि मुले अडखळतात. 19-20 मार्चला चवदार तळ्यासाठी महाडला मोठी गर्दी असते, ते दोन दिवस टाळा. अनावरण करणाऱ्यांची नावे खाली वेगळ्या छोट्या पट्टीवर टाका. मुख्य फलकावर घेतली की यादी वलंगकरांपेक्षा लांब होते, आणि कोणाचे नाव वर यावरून भांडण ठरलेले.

दरवर्षी पावसाळ्यानंतर साधे पाणी आणि काथ्याचा ब्रश पुरे. अ‍ॅसिड मारू नका. त्याने रंग जातो आणि स्क्रूही गंजतात.