बालेवाडीला निघण्याआधी काडतुसांची तयारी

नेमबाजीच्या स्पर्धेला तीन आठवडे राहिले की पहिलं काम रायफलचं नसतं, खोक्यांचं असतं. कपाटातली .22 च्या काडतुसांची सगळी खोकी टेबलावर मांडायची आणि चष्मा लावून प्रत्येकावरचा लॉट नंबर, म्हणजे एकाच खेपेत बनलेल्या काडतुसांचा क्रमांक, वाचायचा. कंपनीचं नाव, खोक्याचा रंग, मोजलेले पैसे, यांवर जाऊ नका. मी गेले होते. प्रोनचे, म्हणजे पालथं झोपून मारायचे, 60 शॉट आणि वर साइटर, म्हणजे गुण न मोजता नेम जुळवायचे शॉट; त्यामुळे 50 चं एक खोकं पुरत नाही, दुसरं फोडावंच लागतं. घाईत एकाच रंगाची दोन खोकी बॅगेत टाकली होती. दुसरं फोडलं आणि ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, तसाच घट्ट, पण पाच वाजताच्या दिशेला सरकलेला. मी वारा समजून साइटला क्लिक देत, म्हणजे नेम सरकवत, बसले. परतीच्या गाडीत लोणावळा सोडल्यावर सहज खोकी हातात घेतली, तर लॉटचे शेवटचे दोन आकडे वेगळे.

एवढ्याशा फरकाने काय होतं, असं नवी मुलं विचारतात. त्यांच्यासाठी हा हिशेब. .22 ची मॅच गोळी साधारण 40 ग्रेनची (अडीच ग्रॅमच्या आसपास), सेकंदाला 320-330 मीटर वेगाने निघते. लॉट बदलल्याने हा वेग 10 मीटरने कमी झाला तर 50 मीटरवर गोळी सुमारे 7 मिलिमीटर खाली लागते. टार्गेटवर नेमक्या मध्याला 10.9 गुण, आणि तिथून दर 0.8 मिलिमीटरला गुण दशांश एकाने घटतो. म्हणजे पोझिशन, श्वास, ट्रिगर सगळं बरोबर असूनही 10.9 चा शॉट 10.1 होतो. पॅरिस ऑलिंपिकला 2024 मध्ये आपल्या स्वप्नील कुसाळेचं रायफल नेमबाजीतलं कांस्य 451.4 वर आलं. फायनलमध्ये असे दशांशच मोजतात.

म्हणून लॉट तपासायचा, आणि तोही आपल्याच बॅरलमधून. एकाच लॉटची काडतुसं शेजारच्या लेनवरच्या रायफलला मानवतात आणि तुमच्या रायफलला मानवत नाहीत, यात नवल काही नाही. युरोपात काही कंपन्यांच्या टेस्ट रेंजवर रायफल शिकंज्यात आवळून लॉट निवडता येतो. आपण वरळीच्या रेंजवर सँडबॅगवर टेकवून मारायचं आणि भागवायचं. लॉट बदलला की आधीचे दहा-पंधरा शॉट मोजू नका, बॅरलमध्ये नव्या काडतुसांचं मेण बसू द्या. मग दहा-दहा शॉटचे किमान चार ग्रुप. पाच शॉटच्या ग्रुपवर भरवसा ठेवू नका, पाच शॉट कोणाचेही सुंदर पडतात. बाहेरच्या कडा धरून दहा शॉट 21 मिलिमीटरच्या आत बसले, तर मध्यावर आणल्यावर सगळे दहा गुणांच्या वर्तुळात मावतात. सराईत नेमबाजाला याहून लहान ग्रुप हवा. आणि एखादाच शॉट बाकीच्यांना सोडून खाली गेला तर "माझाच हात हलला" म्हणून सोडून देऊ नका. दुसऱ्या ग्रुपमध्येही तसाच गेला तर तो लॉट सरावाला ठेवायचा.

पसंत पडलेला लॉट मिळेल तेवढा एकदम घ्यायचा. संपल्यावर शोधलात तर मिळायचा नाही.

निघायच्या आदल्या आठवड्यात एकेक काडतूस उजेडात फिरवून बघायचं. याला अर्धा तास लागतो, रेडिओ लावून बसावं. गोळी पुंगळीत, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळीत, तिरकी बसली आहे का, शिशाला खाच आहे का, कडेला तडा आहे का, मेणाला कचरा चिकटला आहे का. सैल गोळी बोटाला लगेच कळते. मेण कोरडं वाटलं म्हणून वरून तेल चोपडायचं नाही. तेल आत शिरलं की मसाला, म्हणजे ठिणगी पाडणारं स्फोटक, मेलाच.

मिसफायरचं, म्हणजे ट्रिगर दाबूनही काडतूस न उडण्याचं, मूळही त्या मसाल्यातच आहे. .22 सारख्या रिमफायर काडतुसात तो पुंगळीच्या पोकळ कडेत असतो. ओला असताना गरगर फिरवून तिथे बसवतात. एखाद्या जागी पोचलाच नाही आणि बोल्टमधली पिन नेमकी तिथेच आदळली, की नुसतं टिक. अशा वेळी बोल्टला, म्हणजे काडतूस आत ढकलणाऱ्या खिटीला, हात लावायचा नाही. नळी टार्गेटकडेच ठेवून निदान 30 सेकंद थांबायचं, हात वर करून अधिकाऱ्याला बोलवायचं. नंतर काडतुसाची कड बघायची. खूण खोल असेल तर दोष काडतुसाचा. खूण पुसट असेल तर कारखान्याला शिव्या घालण्याआधी आपला बोल्ट उघडून बघा, मुंबईत ग्रीस चिकट होऊन पिनचा जोर खाते. त्यामुळे बोल्टची सफाईही याच यादीत घ्या. न उडालेलं काडतूस कचऱ्यात टाकायचं नाही, उघडूनही बघायचं नाही, रेंजवर जमा करायचं. खोक्याचं झाकण मात्र जपून ठेवा, तक्रार करायची तर लॉट नंबरावाचून कोणी ऐकत नाही.

मिसफायरपेक्षा मला भीती फुसक्या आवाजाची वाटते. आवाज दबका आला, टार्गेटवर भोक नाही, तर गोळी बॅरलमध्ये अडकलेली असू शकते. पुढचा शॉट मारलात तर बॅरल फुगते. थांबायचं, सांगायचं आणि बोल्ट काढून नळी मोकळी आहे हे बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही. मॅचची वेळ जात असली तरी. ही सवय सरावातच लावा, ऐन वेळी सुचत नाही.

पावसाळ्याची स्पर्धा असेल तर खोकी घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, आणि डबा कुलपात. माळ्यावर नको, उन्हात उभ्या गाडीत तर मुळीच नको. एसी खोलीतून काढून दमट हवेत लगेच उघडू नका, पुंगळ्यांना घाम फुटतो.

मग लायसन्स, क्लबचं पत्र, दोन्हींच्या झेरॉक्स. काडतुसं मोजून वहीत लिहायची: नेली किती, मारली किती, आणली किती. त्याच ओळीत लॉट नंबर. माझ्या वहीत त्या दिवसाच्या पानावर तो रकाना रिकामा आहे.